घटाच्या धुण्याला गेलेलं संग्रहालय

गहिनीनाथ ढाकणेच्या टेबलाला त्यावरची पाटी पुरून उरायची. पितळेची, दोन बोटं जाड, 'संचालक' अशी कोरलेली. ती मांडली की चहाचा कप ठेवायला जागाच राहत नसे. बावीस वर्षं त्यानं चहा मांडीवर धरून प्याला, पण पाटी हलवली नाही. माणसानं कुठंतरी ठाम राहावं.

संग्रहालय शेवगावात, खाजाभाईंच्या जुन्या जिनिंगच्या गोदामात. सरकी गेली, कापूस गेला, गोदाम तेवढं राहिलं. खाजाभाईंच्या अम्मीला गोधड्यांचं वेड. कुठल्या गावात कुणाच्या हातचा टाका चांगला, हे तिला तोंडपाठ. ती गेल्यावर पेटीत अकरा गोधड्या निघाल्या. त्यांचं काय करायचं म्हणून खाजाभाईंनी ट्रस्ट काढला, आणि संचालक कुणाला करायचं म्हणून गावात विचारलं. गावात चित्रकलेचा मास्तर एकच, आणि त्या दुपारी तो मोकळा होता. नेमणुकीची खरी कहाणी एवढीच. छापील परिचयात मात्र गहिनीनाथनं 'निवड' असा शब्द घातला होता.

बावीस वर्षांत अकराच्या एकतीस गोधड्या झाल्या. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, तरी जुन्या नावाच्या कोऱ्या पत्रांचे दोन गठ्ठे कपाटात तसेच. संचालकांचा पत्रव्यवहार एवढा दांडगा. हाताखाली माणसं दोन. फैयाज हा कारकून, रखवालदार, फोटो काढणारा आणि रुसलेल्या पाहुण्यांची समजूत घालणारा. छबूबाई झाडलोट करायची. किल्ल्या तिच्याच कनवटीला असल्यामुळे संचालकालाही तिची वाट बघत दारात उभं राहावं लागे.

या सगळ्यात गहिनीनाथचा जीव होता सात नंबरच्या खिळ्यांवरच्या गोधडीत. वीस वर्षांपूर्वी आठवडे बाजारात त्यानं ती एका भांडीवालीकडून घेतली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई ती. तिनं गोधडी दिली आणि त्याच्याकडून नव्या पातेल्याची किंमत घेतली. चहूबाजूंनी लुगड्यांचे तुकडे, हिरवे, डाळिंबी, अंजिरी. आणि मधोमध पांढऱ्या धोतराचा चौकोन. त्या चौकोनावर परातीएवढा तांबूस-पिवळा डाग. गहिनीनाथ त्या डागापुढं पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याला भरून आलं. पुढं त्यानं त्यावर अडतीस पानांची पुस्तिका लिहिली, 'मौनाचा रंग'. रंगांच्या गजबजाटात कलावंतानं मुद्दाम राखलेली ही ओसाड जागा म्हणजे आपल्या कोरड्या पठाराचं गप्प बसणं होय, असा एकूण सिद्धांत. तो त्यानं पुण्यात वाचला, संगमनेरला वाचला. पुण्यात एक बाई रडल्या. खाली पाटी होती: 'कलावंत: अज्ञात'. आणि पाच ठिकाणी, गोदामाच्या खांबांवर: 'हात लावू नये'.

मार्चमध्ये तो निवृत्त होणार होता. आणि भाद्रपदात, देव पावावा तसं दिल्लीचं पत्र आलं. देशभरातल्या सुईकामाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्यासाठी सात नंबर बघायला मुंबईहून राजनंदिनी नावाच्या पाहणी करणाऱ्या बाई शनिवारी येणार होत्या. त्यांनी होकार दिला की गोधडी दिल्लीला. गोधडी दिल्लीला गेली की तिच्याखाली संस्थेचं नाव, संस्थेच्या खाली संचालकाचं. बावीस वर्षं मांडीवर चहा प्याल्याचं चीज होणार होतं. त्यानं ही गोष्ट गुप्त ठेवली, म्हणजे फक्त न्हाव्याला सांगितली. तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला: 'दिल्ली स्वारीबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि त्यावर हनुवटीला बोट लावलेला गहिनीनाथ.

आता यात शिबिराचा भाग येतो. ट्रस्टनं त्याला पुण्याला पाच दिवसांच्या नेतृत्व शिबिराला धाडलं होतं. तिथं एका टापटीप माणसानं सांगितलं की खरा नेता काम वाटत नाही, निर्णय वाटतो. गहिनीनाथनं ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. बावीस वर्षं आपण नुसते हुकूम सोडत आलो आणि एकही हुकूम कुणी नीट पाळला नाही, त्याचं कारण त्याला सापडलं. गुरुवारी तो छबूबाईपुढं जाऊन उभा राहिला. ती खांब पुसत होती.

"छबूबाई, शनिवारी मुंबईच्या बाई येणार. सगळं स्वच्छ पाहिजे."

"सगळं मंजी?"

"सगळं म्हणजे सगळं. तुमच्या घरी पाहुणे येणार असते तर कसं केलं असतं, तसं."

"आन् तुमाला इचारायचं न्हाई?"

"नाही. निर्णय तुमचा. माझा तुमच्यावर विश्वास आहे."

छबूबाईनं फडकं खांद्यावर टाकलं आणि त्याच्याकडं निरखून बघितलं. "बरं न्हाई का वाटत तुमाला?"

शुक्रवारी तो नगरला गेला. पुस्तिकेची नवी आवृत्ती आणायची होती आणि एक जाकीट शिवायला टाकलं होतं. बहिणीकडं मुक्काम करून शनिवारी सकाळी परतला; अंगात जाकीट, काखेत पुस्तिकांचा गठ्ठा. गोदामात पाऊल टाकलं आणि थबकला. भिंतींवर एकतीस जोड्या खिळे होते. पाट्या होत्या. 'हात लावू नये' पाचही जागी होतं. बाकी काही नव्हतं.

फैयाज स्टुलावर बसला होता. तो उठला आणि त्यानं स्टूल पुढं सरकवलं. "सर, आधी बसा."

"फैयाज, गोधड्या?"

"धुवायला गेल्या."

"कोणत्या?"

"सगळ्या." फैयाजनं घसा साफ केला. "सोमवारी घट बसतात ना सर. छबूबाई म्हणाल्या, घटाच्या आधी घरात न धुतलेलं फडकंसुद्धा ठेवायचं नसतं. पाहुणे येवोत न येवोत. मी म्हटलं सरांना फोन लावू. तर म्हणाल्या, सायबानंच सांगितलंय इचारायचं न्हाई."

"आणि तू अडवलं नाहीस?"

"सर, अडवणारा माणूस संस्थेला मागं खेचतो, असं तुम्हीच बुधवारी म्हणालात. आणि खरं सांगू, आमची अम्मीसुद्धा ईदच्या आधी घरातला एक पडदा सोडत नाही. मला त्यात वावगं वाटलं नाही."

गहिनीनाथ स्टुलावर बसला. या भागातलं पोरगंसुद्धा जाणतं की पितरपाट सरत आला की घरोघरच्या गोधड्या, वाकळा, चादरी नदीला निघतात. काठ सगळा रंगून जातो. त्याच्या स्वतःच्या घरीही त्या आठवड्यात अंथरायला सतरंजी उरत नसे. पण आपलं संग्रहालय हे घर आहे, असं कुणाला वाटत असेल हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. शिबिरात तो मुद्दा घेतला नव्हता.

फैयाजच्या मोटरसायकलवर मागं बसून तो निघाला. चौकातल्या फ्लेक्सखालून जाताना त्यानं मान खाली घातली. वरच्याची हनुवटी वरच होती.

जायकवाडीचं पाणी फुगून शेतांना टेकतं, तिथं काठाला छबूबाईची अख्खी आळी उतरली होती. आणि काय सांगावं तो काठ. खडकांवर, बाभळीच्या कुंपणावर, उसाच्या बांधावर, उभ्या टेम्पोच्या टपावर गोधड्याच गोधड्या. ओल्या अंगानं उन्हाला पाठ देऊन पडलेल्या, जशा माहेरी आलेल्या लेकी. गोदामाच्या ट्यूबलाईटखाली वर्षानुवर्षं करडा वाटलेला रंग जांभळा निघाला होता. धोपाटण्यांचा ठोका पडत होता आणि ठोक्यावर एक बाई ओवी धरत होती, बाकीच्या उचलत होत्या:

*घटाच्या आधी बाई, धुते वाकळ पान्यात*
*माज्या मायेचं लुगडं, मला गावलं कोन्यात*

गहिनीनाथनं बूट काढले, हातात घेतले आणि चिखलातून खाली उतरला. आवाज एक क्षण थांबला. मग त्याच बाईनं, त्याच चालीवर, त्याच्या तोंडावर:

*काठाला आला बाई, बूट हातात घेऊन*
*सायेब वाकळ बघतो, डोळं बारीक करून*

हसू पाण्यावरून पलीकडं गेलं. त्यानं डोळे मोठे केले, पण उशीर झाला होता.

छबूबाई गुडघाभर पाण्यात. "सायेब, काळजी करू नगा. राती रिठ्याच्या पान्यात भिजीवल्या. सोडा घातला न्हाई. येकीचा बी रंग गेला न्हाई."

"सात नंबर कुठंय?"

"कंची?"

"डागाची."

"आता न्हाई डागाची," छबूबाई म्हणाली, आणि पाण्यातून एक जड काठ वर उचलून दाखवला. मधला चौकोन पांढराशुभ्र होता. दुधात बुडवून काढल्यासारखा. "लई हट्टी हुता. तीन येळा चोळला. पर निघाला."

त्या चौकोनात काहीतरी उरलं असेल म्हणून गहिनीनाथनं खाली वाकून पाहिलं. काही नव्हतं. वीस वर्षं ज्याला तो मौन म्हणत होता ते आता कुठं खरोखर गप्प झालं होतं.

"रंगुआत्ती बघंल तर खूश हुईल," छबूबाई म्हणाली.

"कोण रंगुआत्ती?"

"माजी चुलत सासू. बोधेगावच्या वाटंला ऱ्हाती. तिचीच न्हवं का ही."

गहिनीनाथच्या हातातला एक बूट पाण्यात पडला. फैयाजनं तो काढेपर्यंत गहिनीनाथनं विचारलं, "छबूबाई, तुम्हाला हे माहीत होतं?"

"अकरा वर्सं मीच झटकती की तिला."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी कवा इचारलं? आन् खाली पाटी हाय की. म्हनलं, सायबानं येवढं कायतरी लिवलंय मंजी त्याला ठावंच असंल." तिला वाचता येत नव्हतं. फैयाज दुसरीकडं बघत राहिला.

आता पुढचा प्रश्न विचारू नये असं गहिनीनाथला आतून वाटत होतं. पण माणूस दुखऱ्या दाताला जीभ लावतोच. "आणि तो डाग? तो कसला होता?"

छबूबाईनं धोपाटण्यानं टेम्पोकडं बोट केलं. टेम्पोच्या फाळक्यावर मिशावाला, भरल्या अंगाचा एक गडी पेरू खात बसला होता. "ह्याचा. करन्या. आत्तीचा नातू. ल्हानपनी लई मुतायचा. धुऊन धुऊन कटाळली म्हातारी, मग दिली भांडीवालीला आन् पातेलं घेतलं."

करणनं पेरू मागं लपवला. "काकी, पंचवीस वर्सं झाली त्याला."

गहिनीनाथला अडतीस पानं आठवली. पान नववं: 'हा रंग थेट मातीच्या आठवणीतून आला आहे'. पुण्यात रडलेल्या त्या बाई आठवल्या; त्यांना कळवायला हवं का, असाही एक विचार आला. काखेतल्या गठ्ठ्यात त्या ओळीच्या नव्याकोऱ्या दोनशे प्रती होत्या.

आणि गंमत अशी, की बायका मात्र सात नंबरकडं बघून भराभरा बोलत होत्या. ही डावखुरी हाय, टाका उलटा वळतोय. ह्यो काठ लग्नातल्या लुगड्याचा, जरा तरी जर हाय बघ. हितं सुई मोडली असनार, दोरा बदललाय. त्यानं खिसे चाचपले. जाकीट नवं होतं, पेन जुन्या सदऱ्यात राहिलं होतं.

इतक्यात वर जीप थांबली. खाजाभाई उतरले, पंच्याहत्तरीचे, पांढऱ्या टोपीतले, त्यांच्यामागून राजनंदिनी. गोदाम रिकामं बघून खाजाभाईंनी शेजाऱ्यांना विचारलं होतं, आणि पाहुणीला थेट इथं आणलं होतं. बाई पस्तिशीच्या, अंगात साधा खादीचा सदरा. त्या काठावरून चालत गेल्या, दोन-तीन गोधड्यांपुढं उकिडव्या बसल्या, सात नंबरला हात लावला. तिथं पाटी नव्हती.

"सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "फोटोत होती त्याहून. पण सर, हे असं धुणं..." त्यांनी पिशवीतून एक कागद काढून जीपच्या बॉनेटवर ठेवला. "ही वस्तूच्या स्थितीची नोंद. फोटोनंतर काय बदल झाला आणि का, हे लिहावं लागतं. मी स्पष्टच सांगते. छत गळलं, पाणी शिरलं, असा अपघात असेल तर मी गोधडी आजच दिल्लीसाठी पक्की करते. कामगारानं न विचारता केलं असेल तरी जमेल, मात्र त्याच्यावर काय कारवाई केली ते जोडावं लागेल. पण संस्थेनं स्वतःच धुवायला काढली असेल तर समिती तुमच्याकडून काही घेणार नाही. यंदाही नाही, पुढंही नाही."

"लिहायचं तुम्ही, सर. मी फक्त नेणार," असं म्हणून त्या पाण्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. बाई भली होती.

खाजाभाईंनी त्याला बाजूला घेतलं. "मास्तर, छत गळलं म्हणून लिहा. गोदाम माझं, छत माझं. मी परवानगी देतो गळायला."

"सर, किंवा मग," फैयाज हळूच म्हणाला, "'सफाई कर्मचाऱ्याच्या अनवधानानं'. कारवाई म्हणजे आपण नुसता एक कागद..." आणि स्वतःच थांबला. अकरा वर्षं दुपारचा डबा तिघांनी एकत्र खाल्ला होता.

गहिनीनाथनं बूट आणि गठ्ठा खाली ठेवून फैयाजचं पेन घेतलं. समोर दिल्ली होती, मार्च होता, चौकातली हनुवटी होती. छत गळणं अगदी सोपं होतं. दोन शब्द.

"सायेब," पाण्यातून हाक आली. "तेवडं येक टोक धरा की. येकटीला पिळवत न्हाई."

छबूबाई सात नंबर शेवटच्या पाण्यातून काढून उभी होती. ओली गोधडी म्हशीएवढी जड होते. ती पिळायला समोर दुसरा माणूस लागतो. बाकीच्या बाया आपापल्या ओझ्यात होत्या. गहिनीनाथनं कागद जाकिटाच्या खिशात कोंबला आणि टोक धरलं. वीस वर्षांत पहिल्यांदा, हातमोज्यांशिवाय. कापड गार होतं, आणि त्याच्या आत टाक्यांच्या ओळी बोटांना लागत होत्या, पेरलेल्या बाजरीच्या तासांसारख्या.

"तुमी डावीकडं वळवा. न्हाई, तुमची डावी."

तो पिळत राहिला. पाणी जाकिटावर, पँटवर, पायांवर. छबूबाईनं उगीच इकडंतिकडं बघितलं नाही, वर काय चाललंय ते विचारलं नाही. तिला सांगितलेलं काम तिनं केलं होतं. आणि पिळता पिळता गहिनीनाथच्या ध्यानात आलं, की बावीस वर्षांत आपला एकच हुकूम कुणीतरी अक्षरशः, मन लावून, आळी गोळा करून पाळलाय. संचालक म्हणून आपल्या हातून झालेलं हे एकुलतं एक नेतृत्व. त्यावर आता आपणच म्हणायचं, की असा हुकूम नव्हताच? आणि छत गळलं म्हणायचं, तर मग आजवर आपण एकदाही काही केलं नाही, एवढंच उरतं.

दोघांनी गोधडी खडकावर पसरली. त्यानं हात सदऱ्याला पुसले, ओलसर कागद बॉनेटवर सरळ केला आणि लिहिलं: 'संचालकाच्या आदेशावरून, घटाच्या आधी, रिठ्यात धुतली.' खाली सही केली. सही थोडी पसरली.

राजनंदिनीनं वाचलं. "सर, पुन्हा एकदा विचार करता का?"

"केला. पाच दिवसांचं शिबिर केलंय मी."

त्यांनी कागदाची घडी घातली. त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्यासारखं दिसलं, आणि तसं वाटलंही असेल, पण कागद पिशवीत गेला. बायकांनी दिलेली भाकरी आणि ठेचा त्यांनी खडकावर बसून खाल्ला, आणि चारच्या सुमाराला त्या गेल्या.

खाजाभाई पाण्याकडं वळले. "अम्मीच्या अकराही आल्यात ना इथं?" त्यांनी विचारलं. छबूबाईनं बाभळीवरची रांग दाखवली. ते जाऊन एकेकीवरून हात फिरवून आले. मग म्हणाले, "मास्तर, छत फुकटात गळायला तयार होतं. तुम्हीच संधी घालवली."

फ्लेक्स कुणी काढला नाही. गावात फ्लेक्स लावायची हौस असते, उतरवायची नसते. गहिनीनाथ रोज त्याच्याखालून गेला, आणि न्हावी रोज विचारायचा, "मग, दिल्लीला कधी?" चौथ्या दिवशी गहिनीनाथनं खरं काय ते सांगितलं, डागासकट. न्हावी इतका हसला की वस्तरा बाजूला ठेवावा लागला. तो विषय मग दिवाळीपर्यंत पुरला.

तिसऱ्या माळेला करणचा टेम्पो गोदामापुढं थांबला. छबूबाईनं हात धरून एका वाकलेल्या म्हातारीला उतरवलं. रंगुबाई. ती आत आली, डोळ्यांवर हात धरून भिंती बघत गेली, आणि सात नंबरपुढं थांबली.

"भितीला कशापायी टांगलीय?" तिनं विचारलं. "भितीला थंडी वाजती का?"

याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं.

"आन् ह्यो टाका निसाटलाय बघ कोपऱ्याला. धुताना बडवली आसंल रानदांडग्यांनी. काढा खाली."

काढली. गोदामात मोठं टेबल एकच होतं. गहिनीनाथनं पाटी उचलली. कुठं ठेवावी ते सुचेना, तेव्हा रंगुबाईनं ती घेऊन गोधडीचं घसरणारं टोक तिच्याखाली दाबलं. फैयाज कोरं कार्ड घेऊन उभा राहिला. "सर, 'अज्ञात'च्या जागी आता नाव पूर्ण लिहू?" आणि करण दारातून म्हणाला, "सर, नाव लिवा. पर डागाचं कायबी लिवू नगा."

"त्यावर आधीच अडतीस पानं लिहून बसलोय," गहिनीनाथ म्हणाला.

रंगुबाईनं कंबरेची चंची सोडली, सुई काढली, डाव्या हातात धरली. मग मान वर करून जाकीटवाल्याकडं बघितलं. "ह्यो कोन?"

"संचालक हायेत, आत्ती."

"मंजी काय करत्यात?"

छबूबाईनं विचार केला. खरंच केला, गहिनीनाथ वाट बघत उभा होता, त्यालाही ते ऐकायचं होतं. शेवटी तिनं म्हातारीच्या हातातली सुई घेतली आणि त्याच्यापुढं धरली.

"दोरा ववून देत्यात," ती म्हणाली.

गहिनीनाथनं चष्मा पुसला, दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि डोळे बारीक केले. तिसऱ्या वेळेला गेला.